सवलत आहे, सुटी नाही

आमच्या लोणावळ्याच्या घरात भिंतीवर दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी टांगलेली असत. एक रेल्वेचं, अब्बांच्या ड्युटीचं. दुसरं नमाजेच्या वेळांचं, पुण्याहून आणलेला हिरव्या शाईतला तक्ता. पुणे आमच्या पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य आमच्याआधी उगवतो आणि आधी मावळतो. तक्त्यातल्या वेळेत दोन मिनिटं मिळवायची, हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक होतं. अब्बा घाटातल्या गँगमध्ये. बडे अब्बांचं शिलाईचं दुकान. चाचा चिक्कीच्या भट्टीवर. तिघांची मुलं, सख्खी-चुलत सगळी, एकाच चाळीतल्या लागून असलेल्या खोल्यांत वाढली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकातली आमची पिढी. आता कुणी पिंपरीत, कुणी मुंबईत, एक बहीण शारजात. भेटलो की बोलणं फिरून फिरून त्या घरावर येतं, आणि घराचा विषय निघाला की नमाज येतेच. त्या घरात जेवण, शाळा, पाहुणे, भांडणंसुद्धा नमाजेच्या आधीची किंवा नंतरची असत.

पहाटेच्या फजरला सगळ्यात आधी दादी उठे. हाका मारून कुणाला उठवायची तिची रीत नव्हती. मोरीतल्या बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज झाला की अम्मी उठे, बंब पेटे, आणि धुराबरोबर हळूहळू सगळं घर जागं होई. लोणावळ्याच्या डिसेंबरात त्या बंबातलं ऊन पाणी म्हणजे केवढं सुख. मग वजू : आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, मग नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी घोट्यापर्यंत पाय. मोठी भावंडं धाकट्यांच्या हातावर पाणी घालत. कोपर कोरडं राहिलं तर दादी काही न बोलता बोट लावून दाखवे, की पुन्हा पहिल्यापासून. तिचा एकच प्रश्न असे, दिवसातून कितीदा तरी आणि कुणालाही : "नमाज पढे क्या?" त्यात दरडावणं नसे. जेवलास का, असं विचारावं तसा तो प्रश्न असे.

मगरिबची वेळ सगळ्यात घाईची, कारण ती सगळ्यात आखूड. सूर्य बुडाला की सुरू होते आणि पश्चिमेचा उजेड विरला की संपते. बाजारातल्या मशिदीतून बांग ऐकू आली की अंगणातला खेळ जिथल्या तिथे थांबे. चाचा त्याच सुमारास भट्टीवरून येत. अंगाला, केसांना उकळत्या गुळाचा वास. खुंटीवर त्यांचा एक धुतलेला सदरा खास नमाजेसाठी टांगलेला असे. शेजारच्या काकूंकडे त्याच वेळी सांजवात लागे, थोड्या वेळाने हरिपाठ सुरू होई. वारकऱ्याचं घर ते. आमची बांग झाली की काकूंचा रेडिओ बारीक होई, त्यांचा हरिपाठ सुरू झाला की आमच्याकडे आवाज चढवून बोलायचं नाही. यावर कधी चर्चा झाल्याचं कुणाला आठवत नाही. तिन्हीसांजेला मुलं घरात पाहिजेत, हा नियम दोन्ही दारांना सारखाच होता.

सात वर्षांचं मूल झालं की त्याला नमाजेला लावावं, अशी पैगंबरांची शिकवण. आमच्याकडे त्याचा सोहळा नव्हता. बडे अब्बा दुकानातल्या उरलेल्या कापडाची एक छोटी जानमाज, नमाजेची चटई, शिवून देत, बस्स. अरबी पाठ करणं मात्र सोपं नव्हतं. आम्ही मराठी शाळेतली मुलं. मशिदीतल्या मौलवींकडे दुपारी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, घेऊन बसत होतो, पण नमाजेत लागणाऱ्या सूरा खऱ्या पाठ झाल्या त्या दादीच्या तोंडून. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. तिने ऐकून धरलेल्या, तिच्याकडून आम्ही ऐकून धरल्या, आणि मौलवींनी पुढे उच्चार सुधारून घेतले. अर्थ ती मराठीत सांगे, मावळी मराठीत. फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार : दिवसाच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचे फेरे) सतरा. प्रत्येक रकातीत अलहम्दुची सूरा. म्हणजे माणूस दिवसातून निदान सतरा वेळा तीच एक मागणी करतो, की सरळ वाट दाखव. बाकीच्या मागण्या नंतर, दुआत. हे दादीने लावून दिलेलं गणित.

शबे मेराजला ती आम्हाला गोल बसवून गोष्ट सांगे. पैगंबर अल्लाहच्या भेटीला गेले तेव्हा आधी पन्नास वेळच्या नमाजा फर्ज झाल्या होत्या. परतताना हजरत मूसा भेटले. म्हणाले, तुमच्या लोकांना हे झेपायचं नाही, कमी करून मागा. पैगंबर पुन्हा गेले, पुन्हा गेले, आणि पन्नासाच्या पाच झाल्या. सवाब, म्हणजे पुण्य, मात्र पन्नासाचाच राहिला. गोष्ट इथपर्यंत आली की दादी थांबे आणि म्हणे, "सवलत हाय, सुट्टी न्हाय." रेल्वेवाल्याची आई ती. रजा, सुटी, ड्युटी, रिलीफ हे शब्द तिच्या रोजच्या कानावरचे. पुढे आयुष्यभर नमाजेबद्दल जे काही वाचलं, मौलानांकडून ऐकलं, ते मला या एका वाक्यात बसताना दिसलं. उभं राहता येत नाही, बसून पढा. पाणी नाही, मातीवर तयम्मुम करा. प्रवासात आहात, चाराच्या दोन करा. झोप लागून वेळ टळली, उठल्यावर कजा करा, म्हणजे भरून द्या. माणसाची अडचण बघून नमाज वाकते, पण सुटत नाही.

हे वाक्य तिला नुसत्या गोष्टीतून सापडलेलं नव्हतं. तिचं लग्न झालं ते नाणे मावळातल्या मुलाण्याच्या घरात. गावगाड्यातलं हे घर. जत्रेच्या वेळी कोंबडं-बकरं हलाल करायचा मान मुलाण्याचा, त्याबदली सुगीला पेंढी-पसा मिळे. गावात मुसलमानांची दोन-चार घरं, मशीद नाही, बांग नाही. बांग नसलेल्या गावात नमाज धरून ठेवायची म्हणजे माणसाने स्वतःच सावलीकडे बघून वेळ ओळखायची. आवणीच्या दिवसांत दादी इतर बायांबरोबर गुडघाभर चिखलात. जोहर झाली असं वाटलं की ती बांधावर येई, ओहोळाच्या वाहत्या पाण्यात हातपाय धुई, कमरेला खोचलेलं लुगडं घोट्याखाली सोडी, घोंगडी पसरे आणि उभी राही. चार रकातींना असा किती वेळ लागतो! तेवढ्यात तिच्या वाट्याची रोपं शेजारची बाई लावून टाके. अख्खी जमीन नमाजेसाठी पाक केली आहे, असं पैगंबरांनी सांगितल्याचं तिने ऐकलं होतं, आणि मावळातला भाताचा बांध त्यात येतो याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. दारातून नदी वाहते आणि माणूस तिच्यात दिवसातून पाच वेळा अंघोळ करतो, मग अंगावर मळ राहील का, अशी एक हदीस आहे. दादी ती सांगताना नदीचं नाव इंद्रायणी सांगे. तिच्या डोळ्यांपुढची नदी तीच होती, कुरवंड्याच्या बाजूने निघून मावळातून देहू-आळंदीकडे जाणारी.

लोणावळ्यात आल्यावर बांग मिळाली, पण सूर्य गेला. तिथल्या पावसाळ्याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, धुकं दारातून आत येतं. नमाजेच्या वेळा ठरतात सूर्यावर आणि सावलीवर. आमच्याकडे सावलीच पडत नसे. म्हणून तो हिरवा तक्ता आणि बडे अब्बांचं चावीचं घड्याळ यांना एवढं महत्त्व. घड्याळाची चावी ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. कपड्यांचे हाल तर विचारू नका. नमाजेला कपडे पाक हवेत. वाळतील तर ना! निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर ओढण्या, सदरे, जानमाजी पसरल्या जात. जानमाजीला तीन दिवसांत बुरशी यायची, म्हणून ती चुलीवरच्या दोरीवर. सजद्यात कपाळ टेकलं की तिचा धुरकट वास येई. शारजाची बहीण म्हणते, तिथल्या गुळगुळीत गालिच्यावर ती अजून तो वास शोधते.

सावलीवरून आमच्या घरात एक मजेदार पेच होता. अम्मीचं माहेर पेणचं. कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. अब्बांचं घर देशावरचं, हनफी. तेव्हा अशी लग्नं फारशी होत नसत. शाफई पद्धतीत वस्तूची सावली तिच्या लांबीएवढी वाढली की असर सुरू होते. हनफींत ती दुप्पट व्हावी लागते. (दोन्हीकडे मध्यान्हीची मूळची सावली वगळून.) लोणावळ्यात हा फरक ऋतूप्रमाणे पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत जातो. म्हणजे अम्मीची असर आम्ही शाळेतून येण्याआधी होऊन जाई, आणि अब्बा, बडे अब्बा चहानंतर उठत. आणखीही फरक होते. रुकूत, म्हणजे कमरेत वाकून, जाताना अम्मी दोन्ही हात खांद्यापर्यंत उचले, फजरच्या दुसऱ्या रकातीत उभ्याने हात पसरून कुनूतची दुआ मागे. आमच्या एका चुलतबहिणीने लहानपणी दादीला विचारलं, की अम्मीचं बरोबर की तुमचं? दादी म्हणाली, तिच्या आईने तिला शिकवलं, माझ्या सासूने मला. यापुढे तिने एक शब्द वाढवला नाही, आणि अम्मीच्या पद्धतीला त्या घरात उभ्या हयातीत कुणी नाव ठेवलं नाही. तक्त्यावर असरच्या रकान्यात अम्मीने पेन्सिलने आपली वेळ लिहून ठेवली होती. लोणावळ्याहून काब्याची दिशा पश्चिमेची, जराशी उत्तरेकडे झुकलेली. पेण अगदी पश्चिमेला. जानमाज अंथरताना अम्मी कधी कधी हसून म्हणे, "आपोआप माहेराकडे तोंड होतं माझं."

1980 ते 1983 ही चार वर्षं रमजान ऐन पावसात आला. चांद दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईहून, पुण्याहून खबर येई तेव्हा कळे. इफ्तारला सूर्य बुडाला की नाही हे सांगणारं आभाळ नाही, बांगेकडे सगळ्यांचे कान. रात्री तरावीहला पुरुष मंडळी छत्र्या घेऊन निघत. मशिदीच्या ओसरीत छत्र्यांची ही रांग, त्यातून पाण्याचे ओघळ, आत वीस रकाती. आम्ही मुली घरी दादीमागे उभ्या राहत होतो. चांद्रवर्षामुळे रमजान तेहतीसेक वर्षांनी त्याच ऋतूत फिरून येतो. 2013 पासूनच्या तीन-चार वर्षांत आमच्या मुलांनी तो पावसातला रमजान पाहिला, तेव्हा आम्हा भावंडांचे फोनवर फोन चालले होते, की बघ, तसाच आहे का?

अब्बांची नमाज आम्ही घरी कमी पाहिली. 1863 साली भोर घाटातून गाडी धावू लागली, तेव्हापासून तो मार्ग माणसांनी पायी फिरून राखलेला आहे. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. हातात कंदील, पिशवीत रुळावर लावायचे फटाके, की दरड दिसली तर गाडी थांबवता यावी. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग ही नावं आम्ही परीकथेतल्यासारखी ऐकत होतो. अब्बांसाठी ती काळोखातली कामाची ठिकाणं होती. इशा आणि फजर बहुधा त्यांची घाटातच होई. वजूला बोगद्याच्या तोंडाशी कोसळणारं पावसाचं पाणी. पण पाय? गमबूट काढायचा, ओला पाय पुन्हा आत घालायचा, आणि रात्रभर चालायचं, तर कातडी सोलून निघे. वजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवरून ओला हात फिरवला तरी पाय धुतल्यासारखं होतं. घरी असलेल्याला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्री ही मुभा आहे. अब्बांनी पेशइमामांना विचारलं, की गमबुटाला हे चालेल का? पाणी आत शिरत नाही, घोटा झाकला जातो, चालता येतं, मग चालेल, असं उत्तर मिळालं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ते दादीला सांगितलं, तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पगारवाढीलाही नसे. गस्तीतला जोडीदार मराठा होता. अब्बा चौकीत नमाजेला उभे राहिले की तो बाहेर कान देऊन बसे. आणि गाडीची वेळ असेल तर अब्बा आधी गाडी काढत, मग नमाज. माणसांचा जीव आपल्या हातात असताना नमाज थोडी मागे घ्यावी, हीही सवलतच आहे, असं ते सांगत.

प्रवासाच्या सवलतीचा हिशोब आमच्या घराइतका काटेकोर क्वचितच कुठे झाला असेल, कारण तो रेल्वेच्या अंतरांवर होता. साधारण 48 मैल, म्हणजे 77 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर माणूस मुसाफिर ठरतो आणि जोहर, असर, इशाच्या चार रकातींच्या दोन होतात. लोणावळ्याहून पुणे 64 किलोमीटर. मुंबई 128. म्हणून 1978 साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि घरातले दोघे तिने कामाला जाऊ लागले, त्यांना चारच्या चार. डेक्कन क्वीनने रोज मुंबईला जाणाऱ्या भाईजानला दोन. धाकट्यांना हा अन्याय वाटे. भाईजान, बडे अब्बांचा थोरला, व्हीटीजवळच्या एका कचेरीत होता. जोहर, आणि वेळ झालेली असेल तर असरही, कचेरीतल्या कपाटामागच्या जागेत उरकून तो पाच दहाची गाडी पकडे. मगरिबचा प्रश्न हिवाळ्यात येई. सूर्य वाटेतच बुडे. कर्जतला गाडीला मागून घाट चढवायची इंजिनं लागत, तेवढा वेळ ती थांबे. लोक दिवाडकरांच्या वड्याला उतरत, भाईजान नमाजेला. पाण्याची बाटली घेऊन वजू त्याने डब्यातच केलेला असे. कर्जतला दिशा शोधावी लागत नाही : सह्याद्रीच्या भिंतीकडे पाठ केली की पश्चिम. मगरिबच्या तीन रकाती प्रवासातही तीनच राहतात, तिला काटछाट नाही. त्याच्या पासधारक मंडळींतले एक जोशी-कुलकर्णी वळणाचे गृहस्थ दारात उभे राहून इंजिनाकडे लक्ष ठेवत, आणि शिट्टी झाली की नुसतं "भाई" म्हणत. नमाजेत असलेल्या माणसाशी बोलू नये हे त्यांना माहीत होतं, म्हणून एका शब्दापलीकडे जात नसत.

मुलींच्या बाबतीत मात्र खरोखरीची सुटी होती, आणि तीही इथे लिहायला हवी. महिन्याच्या त्या दिवसांत बाईला नमाज माफ आहे. त्या दिवसांचे रोजे नंतर भरून द्यावे लागतात, नमाजा भरून द्याव्या लागत नाहीत. आम्ही बहिणी वयात आलो तेव्हा बडी अम्मीने हे अगदी सरळ शब्दांत सांगितलं, लाजवलं नाही. तरी त्या दिवसांतही मगरिबच्या बांगेला डोक्यावर पदर घेऊन दोन मिनिटं तसबीह घेऊन बसायची तिची सवय आम्ही पाहिली होती, आणि आमच्यातल्या काहींनी ती उचलली. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे एक दिवस दादी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती उभी राहिली नाही. आधी चौरंगासमोर बसून, मग तेही जमेना तेव्हा पडून. आडव्या माणसाने पश्चिमेकडे पाय करून, उशीने डोकं उंच करून नमाज पढावी, म्हणजे चेहरा काब्याकडे येतो, असं मौलवींनी सांगितलं. आमच्या घरात पश्चिमेकडे पाय करून झोपणं म्हणजे केवढी बेअदबी! त्याच दादीने आम्हाला त्यावरून किती वेळा उठवून वळवलं होतं. अब्बा आणि चाचांनी तो जड लोखंडी पलंग त्या चिंचोळ्या खोलीत तिरका करत करत फिरवला, दाराचं एक फळकट काढावं लागलं. दादीने मौलवींना दोनदा विचारून खात्री केली, मग गुडघे थोडे वर घ्यायला सांगितले, म्हणजे पाय सरळ त्या दिशेला जाणार नाहीत. पाण्याने अंगात थंडी भरे, म्हणून उशाशी एक कच्ची वीट ठेवली. तिच्यावर तळवे आपटायचे, चेहऱ्यावरून फिरवायचे, पुन्हा आपटून हातांवरून. बांधावर चिखल धुऊन नमाजेला उभी राहणारी ती, आता तिला नमाजेसाठी मातीच आणून दिली होती आम्ही.

शेवटच्या दिवसांत मानही हलेनाशी झाली. हनफी मताप्रमाणे डोक्याने खूण करण्याइतकी ताकद उरली नाही की नमाजेची जबाबदारी उरत नाही. मौलवींनी तसं अब्बांना सांगितलं. म्हणजे सुटी मिळाली. पण असरच्या वेळेला दादीच्या पापण्या ठरावीक रीतीने मिटत-उघडत होत्या, ओठ जरा हलत होते. आम्ही सगळी पलंगाभोवती. अब्बांना काय म्हणावं कळेना. तेव्हा अम्मी, इतकी वर्षं त्या घरात आपली वेगळी असर गाजावाजा न करता पढत आलेली, म्हणाली, "आमच्यात डोळ्यांची नमाजही धरतात." शाफई मत खरोखरच तसं आहे : मान नाही तर पापण्या, पापण्या नाहीत तर मनात. अब्बांनी मान डोलावली. त्या वेळी अम्मीच्या पेन्सिलच्या वेळेला ती नमाज झाली.

नमाजेचं महत्त्व सांगताना हल्ली व्यायाम, मनःशांती, शिस्त यांची यादी दिली जाते. असेलही ते सगळं. आमच्या घरात हे कुणी सांगितलं नाही. नमाज अल्लाहची बंदगी आहे आणि तिची वेळ ठरलेली आहे, कुरआनात तसं सांगितलं आहे, एवढंच. पण त्या वयात जे डोळ्यांनी दिसलं ते असं, की आमच्या मोठ्यांपैकी कुणाचंही आयुष्य सोपं नव्हतं. पगार पुरत नसे, पाऊस थांबत नसे, एक चुलतभाऊ लहानपणीच तापाने गेला. त्या दिवशीही जोहरला सफ, नमाजेची रांग, लागली, चाचा रडत रडत उभे राहिले आणि सजद्यात बराच वेळ राहिले. कुणी त्यांना उठवलं नाही. दुःख वाट्टेल तेवढं मोठं असो, दिवसातून पाच वेळा त्याला घेऊन उभं राहायला एक जागा आहे, हे आम्हाला त्या घराने दाखवलं, आणि मला ते फार मोठं देणं वाटतं. आमच्यातले सगळेच आज पाचही वेळा पढतात असं नाही. कुणाची जुमापुरती राहिली, कुणाची ईदपुरती. ते भेटले की त्यांनाही कुणी टोचत नाही. पण मगरिबला घरात सफ लागली की तेही येऊन उभे राहतात.

आता दोन-तीन महिन्यांनी सगळे लोणावळ्याला जमतो. चाळ पाडून तिथे इमारत झाली, त्यात धाकट्या भावाचा फ्लॅट आहे. हिरव्या तक्त्याची जागा मोबाइलने घेतली. त्यातलं ॲप आधीच विचारतं, असर हनफी की शाफई? अम्मी आता ऐंशीच्या पुढे, खुर्चीवर बसून पढते, आणि नातवंडांच्या मोबाइलवर तिने आपली वेळ लावून घेतली आहे.

मागच्या बैठकीत एक नवाच मसला निघाला. भाईजान निवृत्तीच्या आधीच मुंबईला कायमचा स्थायिक झाला, घर तिथे, बायकामुलं तिथे. वयाने मोठा म्हणून जोहरला इमामत त्याने केली, आणि दोन रकातींवर सलाम फिरवून नमाज संपवली. मुलं गोंधळली. त्याने मशिदीत विचारून घेतलं होतं : माणसाने दुसरीकडे कायमचं घर केलं की जन्मगाव त्याचं वतन राहत नाही, पंधरा दिवसांहून कमी राहायला आला तर तिथे तो मुसाफिर. आपण ज्या गावात जन्मलो तिथेच मुसाफिर, हे सांगताना भाईजानचा आवाज जरा बदलला. मागे उभे असलेले लोणावळेकर आणि पिंपरीकर, पिंपरीचं अंतर काही 77 किलोमीटर भरत नाही, त्यांनी उठून उरलेल्या दोन रकाती आपापल्या पुऱ्या केल्या. शास्त्राप्रमाणे हे अगदी बरोबर आहे. पण पुतणीला ते पटेना. ती म्हणाली, मग धाकट्या चाचांना पुढे उभं करा ना, ते तर इथलेच आहेत.

असरपासून तसंच केलं. गावातल्या इमामाच्या मागे उभा राहिला की मुसाफिरालाही चारच्या चार पुऱ्या कराव्या लागतात.